आधी चष्मा, मग लेन्स

लेन्स घ्यायला आलेल्या माणसाकडे मी सगळ्यांत आधी त्याचा चष्मा मागते. बरेच जण गोंधळतात. "अहो मॅडम, चष्मा नको म्हणून तर आलोय!" मग हळूहळू खरं काय ते बाहेर येतं. कुणाचा चष्मा घरी कपाटात पडलेला असतो, कुणाचा नंबर फार जुना असतो, कुणाची एक काडी मोडलेली आणि चिकटपट्टीने कशीबशी धरून ठेवलेली असते. कॉलेजातल्या मुली तर सरळच सांगतात, चष्मा फुटलाय, आता नवा करायचाच नाही, त्याच पैशात लेन्स बसवून द्या. अशा वेळी मी ट्रायल लेन्सच्या खणाला हातसुद्धा लावत नाही. आधी चालू नंबरचा चष्मा करून ये, मग लेन्सचं बघू. धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही. समोरचं गिऱ्हाईक उठून पलीकडच्या दुकानात जातं, हेही दिसतं. तरी हा नियम मी सोडलेला नाही. तो का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी डोळ्यांची डॉक्टर नाही. आजारावर औषध देणं, ऑपरेशन करणं हे काम नेत्रतज्ज्ञांचं. माझं काम नंबर काढणं, लेन्स बसवणं आणि बसवल्यानंतर डोळा कसा आहे हे वेळोवेळी पाहणं. यातलं तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं त्याच कामासाठी लोक सगळ्यांत कमी येतात.

लेन्स घालायला शिकवण्याची आमची एक छोटी खोली आहे. टेबलावर आरसा, शेजारी बेसिन, तंतू न सुटणारे कागदी नॅपकिन. पहिल्यांदा लेन्स घालणारा माणूस हटकून श्वास रोखतो आणि तोंड उघडतो. वरची पापणी मधेच कुठेतरी धरतो आणि ती निसटते. केसांच्या अगदी मुळाशी धरली की हलत नाही. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायची. वाटीसारखी दिसली तर सुलट, काठ बशीसारखे बाहेर पसरले तर उलटी. उलटी गेली म्हणून डोळ्याला इजा होत नाही, पण ती टोचत राहते. घालणं बहुतेकांना जमतं, काढणं जड जातं. वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्यावर सरकवायची आणि चिमटीत धरायची. चिमटीत नख आलं की लेन्स फाटते, नाहीतर डोळा ओरखडतो. कुणाला लेन्स सापडतच नाही आणि 'मागे गेली' म्हणून तो घाबरून जातो. डोळ्याच्या मागे जायला लेन्सला वाटच नाही. पापणीचं आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्यावर येतं, तिथे रस्ता बंद होतो. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली दडून बसते. स्वतःच्या हाताने लेन्स काढून दाखवल्याशिवाय मी कुणालाही घरी सोडत नाही, कारण ज्याला ती काढता येत नाही तो ती घालूनच झोपतो.

एवढं शिकून माणूस खुशीत जातो. काही महिन्यांनी परत येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते. सकाळी छान वाटतं, संध्याकाळी लेन्स खुपायला लागते. कुणी म्हणतं चुरचुरतं, कुणी म्हणतं डोळे जड होतात, कुणाला कचरा गेल्यासारखं वाटतं. निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकच असतो: लेन्स खराब निघाली, बदलून द्या.

लेन्स डोळ्यावर बसते असं आपण म्हणतो, पण ती बसते अश्रूंवर. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मधोमध तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून स्वच्छ दिसलं नसतं. जागेपणी त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून. हा अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजारांश इतका पातळ असतो. त्यात वर तेल, त्याखाली पाणी, आणि ते पाणी डोळ्याला धरून ठेवणारा चिकट स्राव. तेल येतं पापण्यांच्या काठावरच्या बारीक ग्रंथींमधून. पापणी पूर्ण मिटली की ते बाहेर येतं आणि पाण्यावर पसरतं, म्हणून पाणी चटकन उडून जात नाही.

आता या थराच्या मधेच लेन्स आली की त्याचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या खाली आणि एक वर. वरचा भाग मुळातल्या थरापेक्षा पातळ, त्यावर तेल नीट पसरत नाही, त्यामुळे तो लवकर फुटतो आणि लवकर सुकतो. ज्याच्या डोळ्यात अश्रू मुबलक आणि चांगल्या प्रतीचे आहेत त्याला हे जाणवतही नाही. ज्याचं आधीच काठावर चाललेलं असतं त्याला लेन्स घातल्यावर पहिल्यांदा कळतं की आपले डोळे कोरडे आहेत. लेन्सने कोरडेपणा आणला की असलेला उघडा पाडला, हे माणसागणिक शोधावं लागतं.

त्यासाठी माझा एक साधा प्रश्न असतो: लेन्स काढल्यावर किती वेळात बरं वाटतं? काढल्या काढल्या बरं वाटत असेल तर दुखणं लेन्सच्या बाजूचं आहे. तिचं मटेरियल, तिचा घेर, तिच्यावर साचलेला थर, ती किती तास घातली, हे तपासायचं. लेन्स काढून चष्मा लावल्यावरही चुरचुर राहत असेल तर मूळ डोळ्यातच आहे आणि नुसती लेन्स बदलून ते जाणार नाही. अश्रूंवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली लेन्सच्या त्रासावर मोठा अहवाल काढला. त्यातही हाच फरक धरला आहे. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाकडे चष्मा असावा लागतो. नसेल तर तो लेन्स काढतो ती थेट अंथरुणात शिरताना. काढल्यावर कसं वाटतं, हे त्याला माहीतच नसतं.

हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतला तरुण असाच आला होता. त्याची तक्रार उलटीच होती. "मॅडम, माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं. कोरडे कसे असतील?" हे अनेकांना पटत नाही. डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडला की तो टोचतो, आणि टोचलं की मेंदू अश्रूंच्या ग्रंथीला हुकूम सोडतो. मग पाणी भसाभस येतं, पण ते नुसतंच पाणी असतं. त्यात तेल आणि चिकटपणा यांचं प्रमाण जमलेलं नसतं. ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा तो कोरडाच.

त्याच्या लेन्स काढायला लावल्या, कारण तपासणीचा रंग मऊ लेन्समध्ये शिरला की निघत नाही. फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि स्लिट लॅम्प या तपासणीच्या दुर्बिणीचा निळा प्रकाश सोडला. त्या प्रकाशात अश्रूंचा थर हिरवा झळकतो. "आता पापणी मिट, उघड आणि उघडीच ठेव," असं सांगून मी मनात आकडे मोजायला लागले. चांगल्या डोळ्यात तो हिरवा थर दहा सेकंद तरी एकसंध राहावा अशी अपेक्षा असते. याच्या डोळ्यात चार म्हणायच्या आत खालच्या बाजूला एक काळा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग दोन्ही मिळून एक रेघ आडवी उसवत गेली. जिथे जिथे काळं, तिथे तिथे डोळा उघडा पडला होता. पापणीचा काठ बोटाने हलकेच दाबला तर तेलाचा स्वच्छ थेंब यायला हवा. तिथे घट्ट, पिवळट काहीतरी मोठ्या मुश्किलीने बाहेर आलं.

खालच्याच बाजूला का उसवलं, त्याचं उत्तर मिळालं तो माझ्याशी बोलत असताना. त्याची पापणी खालपर्यंत येतच नव्हती. अर्ध्यावर यायची आणि परत जायची. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि त्यातल्या कित्येक मिटण्या अर्धवट असतात. त्याच्या दिवसाची हकिकत विचारली. सकाळी सातला लेन्स. दुचाकीवरून वाकडमार्गे ऑफिस, हेल्मेटची काच वर. जागा नेमकी एसीच्या झोताखाली. संध्याकाळी घरी, पण रात्री अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल. लेन्स निघायची अकराच्या पुढे. मधे चुरचुरलं की मेडिकलमधून आणलेले 'डोळे पांढरे करणारे' थेंब.

ते थेंब बंद करणं हे पहिलं काम होतं. लाली घालवणारे थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात. कोरडेपणावर त्यांचा उपयोग शून्य, आणि असर उतरला की लाली दुप्पट होऊन येते. दुसरं म्हणजे बऱ्याच बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून टाकलेलं रसायन असतं. मऊ लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर डोळ्याला पाजत राहते. नेत्रतज्ज्ञांनी त्याला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, लेन्सवर चालणारे थेंब लिहून दिले, आणि पापण्यांना रोज कोमट शेक. बाकीचे उपाय बिनपैशाचे होते. खुर्ची झोताखालून हलव. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घे, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. हेल्मेटची काच खाली ठेव. तासाभराने दहा-बारा वेळा पापणी पूर्ण मिटून क्षणभर थांब. आणि ऑफिस सुटलं की लेन्स काढ, रात्रीचे कॉल चष्म्यावर. हे शेवटचं त्याला सगळ्यांत अवघड गेलं, कारण कॉलवर कॅमेरा चालू असतो. पुढे त्याला रोज नवी घालून रात्री टाकून द्यायची लेन्स दिली. त्याचा त्रास पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पण आता तो आठ-दहा तास आरामात काढतो, आणि चुरचुर सुरू झाली की लेन्स काढतो.

लोकांना वाटतं, विज्ञान एवढं पुढे गेलंय तर कोरडी न पडणारी लेन्स का निघत नाही? मऊ लेन्सची जन्मकथा पाहिली तर कारण कळतं. चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात प्राग शहरात आपल्या घरी, मुलांच्या खेळण्यातला बांधणीचा संच आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक फिरतं यंत्र केलं आणि त्यावर पहिल्या मऊ लेन्स पाडल्या. १९७१ साली अमेरिकेत त्या विक्रीला आल्या. त्याआधी लेन्स होत्या त्या कडक. १८८८ साली फिक यांनी वर्णन केलेल्या तर चक्क काचेच्या होत्या. विख्टर्ले यांचा पदार्थ पाणी पिणारा होता, म्हणून मऊ. त्या लेन्सच्या वजनात अडतीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पुढे निघालेल्या काही लेन्समध्ये सत्तर टक्क्यांहूनही जास्त. आता ग्राहक विचारतो, जास्त पाण्याची लेन्स कोरड्या डोळ्याला चांगली ना? ऐकायला बरोबर वाटतं, पण अनेकदा होतं उलटं. डोळ्यावर बसल्यावर लेन्समधलं पाणी हवेत उडत राहतं, आणि मुळात जास्त पाणी असलेली लेन्स सहसा जास्त गमावते. ते भरून काढायचं तर अश्रूंतूनच, आणि तिथे आधीच टंचाई असते.

१९९९च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या. त्यांतून प्राणवायू जुन्या लेन्सच्या कितीतरी पट जातो. पूर्वी वर्षानुवर्षं लेन्स वापरणाऱ्यांच्या कॉर्नियात कडेने लाल रक्तवाहिन्या घुसलेल्या दिसत. प्राणवायूसाठी डोळ्याने केलेली ती धडपड असे. आता ते चित्र पुष्कळ कमी दिसतं. प्राणवायूचा प्रश्न बराचसा सुटला, कोरडेपणाचा सुटला नाही, कारण त्याचं उत्तर लेन्सच्या कारखान्यात नसून माणसाच्या दिनक्रमात आणि त्याच्या तब्येतीत असतं.

तब्येतीचं विचारलं की लोकांना नवल वाटतं. डोळे तपासायला आलोय, मुरुमांच्या गोळ्यांचं काय? पण मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या पापण्यांच्या तेलग्रंथी आटवतात. सर्दी-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्या अश्रू कमी करतात. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचे डोळे कोरडे पडतात, वर्षानुवर्षं बिनतक्रार लेन्स वापरलेली एखादी शिक्षिका पंचेचाळिशीनंतर येते आणि म्हणते, "तीच कंपनी, तीच लेन्स, मग आत्ताच काय झालं?" लेन्स तीच आहे, डोळा बदललाय. मधुमेहात तर कॉर्नियाची संवेदनाच बोथट होऊ शकते, मग खुपायला हवं तिथेही खुपत नाही. आणि आपल्याकडचं खास म्हणजे काजळ. पापणीच्या आतल्या काठावर ओढलेली काजळाची रेघ नेमकी त्या तेलग्रंथींच्या तोंडांवरूनच जाते. मी काजळ बंद करा म्हणत नाही, कुणी ऐकणारही नाही. पापणीच्या केसांबाहेर लावा, लेन्स आधी घाला आणि मेकअप नंतर करा, उतरवताना लेन्स आधी काढा, एवढंच सांगते. तसंच ठेच्याचं. मिरची कुटलेल्या हाताला साबण लावला तरी तिखट पुरतं जात नाही. त्या दिवशी लेन्स स्वयंपाकाआधीच काढून ठेवावी.

पाण्याचं मात्र मी बजावून सांगते. एक रंगभूमीवरचे कलावंत माझ्याकडे येतात. ऐतिहासिक नाटकात काम करतात. दरबारात उभा राहिलेला सरदार चष्मा लावून कसा चालेल? दौऱ्यावर असताना प्रयोग संपला, मेकअप उतरवला आणि सोल्युशनची बाटली मुक्कामावरच राहिल्याचं लक्षात आलं. त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्यांची झाकणं घेतली, त्यात पिण्याचं पाणी ओतलं, उजव्या-डाव्या लेन्स बुडवल्या आणि बसमध्ये मांडीवर धरून बसले. हे मला मोठ्या अभिमानाने सांगत होते. "ताई, बाटलीबंद पाणी होतं, नळाचं नाही." पाणी पिण्याजोगं असलं म्हणून ते लेन्सजोगं होत नाही. साध्या पाण्यात मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते. त्याहून वाईट म्हणजे पाण्यात अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. क्लोरीनलाही तो सहजी दाद देत नाही. लेन्सबरोबर तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि पुष्कळदा डोळ्यात कायमचं फूल पडतं. गच्चीवरची टाकी, टँकरचं पाणी, पोहण्याचा तलाव, पावसाळ्यात लोणावळ्याचा धबधबा, सगळीकडे धोका तोच. अंघोळीआधी लेन्स घालू नये, पोहताना घालू नये, रंगपंचमीला आणि विसर्जन मिरवणुकीच्या गुलालात तर मुळीच घालू नये. लेन्सची डबीसुद्धा नळाखाली धुवायची नाही. रोज जुनं सोल्युशन पूर्ण ओतून नवं भरायचं, लेन्स तळहातावर बोटाने घासून धुवायची, डबी सोल्युशनने विसळून नॅपकिनवर पालथी वाळवायची आणि तीन महिन्यांनी फेकून द्यायची. लेन्स घासून धुण्याचा आणखी एक फायदा असा, की साचलेला थर निघून गेला की ती ओली राहते.

आता झोपेचं. डोळा मिटला की हवेतला प्राणवायू बंद होतो, पापणीच्या आतून येईल तेवढ्यावर कॉर्निया रात्र काढतो. वर लेन्स असेल तर तेवढाही नीट पोचत नाही. अश्रू साचून राहतात, जंतूंना निवांत वेळ मिळतो. लेन्स घालून झोपणाऱ्यांना डोळ्याच्या जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट होतो, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २०१८च्या अहवालात म्हटलं आहे. कोरड्या डोळ्याचा पृष्ठभाग आधीच जागोजागी सोललेला असतो, तिथे जंतूला शिरकाव सोपा. कोरडेपणा आणि जंतुसंसर्ग या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लोक बघतात. मला त्या एकाच वाटेवरच्या वाटतात. चुरचुर ही पहिली सूचना असते. ती पाळली तर गोष्ट तिथेच थांबते.

ती पाळली का जात नाही, याचं उत्तर मला एका नव्या नवरीने दिलं. हातावरची मेंदी ताजी, गळ्यात नवं मंगळसूत्र, आणि उजवा डोळा लालभडक, उघडता येईना. बरोबर नवरा आणि सासूबाई. लग्न सकाळचं होतं. पहाटे मेकअप करणारीने पार्लरमधूनच आणलेल्या तपकिरी रंगाच्या लेन्स घातल्या. मग मुहूर्त, होमाचा धूर, पंगत, संध्याकाळी रिसेप्शन, फोटो. डोळे दुपारपासूनच जळत होते. रात्री कार्यालयातून घरी पोचायला उशीर झाला आणि ती तशीच झोपली. तिचा चष्म्याचा नंबर चांगला साडेतीन होता. मी विचारलं, "चष्मा कुठे आहे तुझा?" ती सासूबाईंकडे न बघता म्हणाली, "माहेरी." सासरी चष्म्याचं सांगितलेलंच नव्हतं. आम्ही तिला लगेच आत नेत्रतज्ज्ञांकडे नेलं, वेळेत उपचार झाले, डोळा वाचला. सासूबाई बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अहो, मी स्वतः चष्मा लावते. आम्ही काय म्हटलं असतं?" बाई मनापासून बोलत होत्या.

तो प्रसंग एका घराचा नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी मुलीला घेऊन माझ्याकडे आलेल्या आया मी कितीतरी पाहिल्या आहेत. मुलगा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून येणार असतो, ते चालतं. चष्म्याची लाज वाटते म्हणून घेतलेली लेन्स माणूस वेळेवर काढत नाही. खुपली तरी काढत नाही, डोळा लाल झाला तरी दुसऱ्या दिवशी घालतो, कारण काढली की लपवलेलं बाहेर येतं. याउलट खेळताना सोयीची म्हणून, नंबर मोठा आहे आणि चष्म्यापेक्षा कडेचं चांगलं दिसतं म्हणून, किंवा नुसतीच हौस म्हणून जो लेन्स वापरतो, पण चष्म्यातही बिनदिक्कत बाहेर पडतो, त्याच्या डोळ्यांना सहसा काही होत नाही. त्याच्या मनात दोन्ही वस्तू सारख्याच असतात.

हे वाचून लेन्स ही वाईटच, असं कुणाला वाटू नये. शंक्वाकार झालेल्या कॉर्नियाला, म्हणजे केरॅटोकोनसमध्ये, चष्म्याने जे दिसत नाही ते कडक लेन्सने दिसतं. आणि कोरडेपणाची बाजू उलटी फिरवणारीही एक लेन्स आहे. स्क्लेरल लेन्स आकाराने मोठी, डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकते आणि कॉर्नियाला न शिवता त्यावर कमान धरते. मधल्या जागेत सलाइन भरायचं असतं, त्यामुळे कॉर्निया दिवसभर पाण्यात राहतो. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होऊन ज्यांचे अश्रू आटले आहेत, अशा रुग्णांना या लेन्सने उजेडात डोळे उघडताना मी पाहिलं आहे. वस्तू तीच, काच-प्लास्टिकचाच वंश. पण ती कुणासाठी, किती वेळ आणि कशी, यावर सगळं अवलंबून.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात. लेन्स वापरत असाल तर चालू नंबरचा चष्मा बॅगेत ठेवा, कपाटात नको. रोज लेन्स घालण्याआधी आरशात बघून स्वतःला तीन प्रश्न विचारा: डोळा पांढरा दिसतो का, बरं वाटतं का, नीट दिसतं का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर त्या दिवशी चष्मा. दुखणं, लाली, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं यांतलं काहीही झालं तर लेन्स ताबडतोब काढा, डोळ्यावर पट्टी बांधू नका, मेडिकलवाल्याला विचारून थेंब घालू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जाताना ती लेन्स आणि डबी बरोबर न्या, जंतू कुठला ते त्यातून कळू शकतं. त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे दाखवा आणि तेव्हा कुठल्या गोळ्या घेता तेही सांगा. आणि घरात चष्मा नसेल, तर लेन्सचे पैसे आधी चष्म्यावर खर्च करा. चष्मा नसलेल्या माणसाने लेन्स घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.